मागच्या डाव्या चाकाची हवा

सोड म्हनला! हवा सोड म्हनला मला. मला म्हंजे कोनाला, तर पंडित हवावाल्याला, ज्यानं परळीच्या ह्या नाक्यावर तेवीस वर्षं निस्ती हवाच भरली, उसाच्या ट्रॉलीत भरली, थर्मलच्या राखेच्या टिप्परात भरली, लेकरांच्या सायकलीत भरली, एकदा तर लग्नाच्या मांडवातले फुगे बी भरून दिले, त्या मानसापुढं सकाळी सातला गाडी उभी करायची, काच खाली घ्यायची, इकडं-तिकडं बघायचं आन् हळूच म्हनायचं, "पंडित, मागच्या डाव्यातली सात पॉइंट सोड." आता तुमीच सांगा, दूधवाल्याला कोनी म्हनतं का, बाबा एक लिटर सांडून दे म्हनून? न्हाव्याला म्हनतं का, कापलेले केस चिटकवून दे? मी पान्हा खाली ठेवला आन् म्हनलं, शेट, हवा भरनं माझा धंदा हाय, सोडनं न्हाई.

कोन शेट? थांबा, सांगतो, तुमच्या चाकाला तसाबी टाइम हाय. विश्वेश्वरशेट, मोंढ्याच्या रस्त्याला कापडाचं दुकान हाय बघा, पांढरा शर्ट, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, सोमवारी वैजनाथाचं दर्शन घेतल्याबिगर दुकानाचं कुलूप काढत न्हाई, तो. बोलायला असला गोड की गिऱ्हाईक रुमाल घ्यायला येतंय आन् सतरंजी घेऊन जातंय. एका बाईपुढं पन्नास लुगडी उलगडून दाखवंल, कंटाळायचा न्हाई. पर घरात बायकोपुढं मनातली एक घडी उलगडंल तर शपथ.

आन् बायको कशी, तर वर्षाराणीवैनी, बँकेत सायबीन. गाडी तिचीच. घेतली तिनं, चालवायची ती, हवा बघायची ती. दर पंधरा दिवसाला रविवारी सकाळी माझ्या दारात हजर, "पंडितभाऊ, चारीत बत्तीस, आन् आधी मला काटा दाखवा." शेट बाजूच्या सीटवर, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन गप बसलेला. पंधरा वर्षं मी त्याला त्या पिशवीसंगच बघितलं.

तर जूनमधी वैनीला बढती मिळाली आन् बदली झाली अकोल्याला. अकोला काय लंकेत हाय का? हितनं रेल्वे जाती. पर वैनीनं नवऱ्याला रीतीपरमानं विचारलं, "जाऊ का?" आता हितं मानसानं काय म्हनावं? नको जाऊ म्हनावं, न्हाईतर जा पर लवकर ये म्हनावं, दोन्हीत कायबी चाललं असतं. ह्यानं पेपरातनं मान वर न काढता म्हनलं, "जा की. तुझ्यावाचून हितं काय अडलंय?" वैनीनं पर्समधनं गाडीची चावी काढली म्हनं. मग म्हनली, "बरं. ज्या दिवशी अडंल, त्या दिवशी 'ये' म्हणा. तुम्ही ये म्हणाल तेव्हाच मी घरी येईन." आन् गाडीची चावी खिळ्याला अडकवून गेली.

हे मला कसं ठाऊक? अहो, मानूस घरात सांगत न्हाई, देवापुढं सांगत न्हाई, ते माझ्या जुन्या टायरांच्या ढिगावर बसून सांगतंय. चाक खोललेलं असतंय, जाता येत न्हाई, मग बोलतंय.

तर एका अक्षराचा शब्द, तुमाला सांगतो, निस्ता 'ये'. दुकानात दिवसातनं दोनशेदा म्हनतो हा, या बसा, ये बाई, ये मावशे. पर फोनवर बायकोला? न्हाई. जुलै गेला, गनपती गेले. एक्कावन्नाव्या वर्षी हा गाडी चालवायला शिकला, दुसऱ्या गिअरात धर्मापुरीला जाऊन दुसऱ्या गिअरात परत आला, पर ये म्हनला न्हाई. दिवाळीत वैनी माहेरी नांदूरघाटला आली, हितनं तासा-दीड तासाची वाट. ह्यानं दुकानातली सगळ्यात भारी साडी मानसाबरोबर पाठवली. सोबत चिठ्ठी? न्हाई. तिचा निरोप आला, "रंग चांगला आहे." झाली दिवाळी. दोघांचं फोनवर बोलनं म्हंजे, गॅसचा नंबर लावला का, लावला, बरं, ठेवू का, ठेव.

मग थंडी पडली.

आपल्याकडची थंडी तुमाला ठाऊक हाय, पहाटं दात वाजवती आन् दुपारी टोपी काढायला लावती. एका सकाळी शेटनं गाडी सुरू केली तर समोर पिवळा दिवा. कढईसारखं चित्र, आन् मधी उद्गारचिन्ह. शेटला वाटलं विंजन तापलं. थंडीत! बोनेट उघडून पानी ओतलं. दिवा हायेच. मग गाडी कोनाची, तर बायकोची, म्हंजे बायकोला विचारनं भाग हाय, त्यात मान खाली जायचा सवाल न्हाई, असं स्वतःला तीनदा सांगून मग फोन लावला. "हॅलो. गाडीत दिवा लागलाय." "कसला?" "पिवळा. कढईसारखा." "फोटो पाठवा बरं... अहो, चाकात हवा कमी झाली. थंडीनं होते. कुठलं चाक बघितलं का? लाथ मारून नका बघू, काटा लावून बघा. आणि स्वेटर घातला का?" असं करत अकरा मिन्टं. त्यानं मला फोन उघडून दाखवलं, अकरा मिन्टं चार सेकंद. जूनपासून एवढं बोलनं झालं नव्हतं.

त्या दिवशी भर दुपारी आला माझ्याकडं, धर्मापुरीला जाऊन, चाकं अशी तापलेली की वर भाकरी भाजावी. मी म्हनलं, शेट, तापलेल्या चाकाचा काटा खोटा असतोय, आता बत्तीस दिसंल आन् पहाटं सव्वीसावर येईल, थंडीत हवा आखडती, दहा डिग्री उतरली की दोन पॉइंट गेलेच समजा. सकाळी या, थंड चाकावर. "तू भर रं," म्हनला. भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा. फोन. नऊ मिन्टं. दुपारी परत माझ्याकडं. परत तापलेली चाकं. परत सकाळी दिवा. मला वाटलं मानूस येडा हाय. तवा मला काय ठाऊक?

त्यात आमचा म्हाळू. म्हाळू मेंढरंवाला, थंडीत त्याचा वाडा हितंच माळाला असतोय, सकाळी माझ्या शेकोटीला येतोय. त्यानं सगळं ऐकून घेतलं आन् म्हनला, "शेट, थंडीनं हवा आखडती ना? मग चाकाला पांघरून घाला की. कोकराला आमी घालतोच." आता बोलनारा बोलला, पर ऐकनारा कापडाचा व्यापारी! पांघरायचं म्हनल्यावर त्याचं डोकंच चाललं. दुकानात ब्लँकेटचे ढीग पडलेत, पर न्हाई, म्हनला घोंगडीची ऊब कशालाच न्हाई, म्हाळूच्या बायकोकडनं, साखराबाईकडनं, चार घोंगड्या आनल्या आन् चारी चाकांना सुतळीनं गुंडाळल्या. सकाळी गल्ली गोळा. समोरची मंजुळाबाई पानी भरता भरता म्हनती, "शेट, गाडी बाळंत झाली का वो?"

आन् दिवा? लागला की. लागनारच, घोंगडीला काय कंप्रेसर हाय? फोन लावला. घोंगडीचं सांगितलं. आन् वैनी हसली. शेट गाडी न घेताच चालत माझ्याकडं आला, ढिगावर बसला आन् नुसताच बघत राहिला. मी म्हनलं, काय झालं? म्हनला, "हसली, पंडित. फोनवर हसली. मी इसरूनच गेलतो तिचं हसू कसं असतंय." डोळे भरले होते मानसाचे. मी म्हनलं राखेनं झालं असंल, आपल्या परळीत हवेत राखच लई. तो म्हनला, हां, राखच.

पर मला माझी इज्जत हाय का न्हाई? नाक्यावर लोक म्हनायलेत, पंडितनं भरलेली हवा एक रात टिकत न्हाई! तेवीस वर्षांचं नाव! मी सरळ शेटच्या घरी गेलो, पन्नास पावलावर तर हाय, सकाळी साडेसहाला, म्हनलं काढा गाडी, चाक तापायच्या आत माझ्या दारात आना. आनली. चारीत बत्तीस भरली, कॉकवर थुंकी लावून बुडबुडा बघितला, टोप्या घट्ट केल्या. झालं. दुसऱ्या दिवशी दिवा न्हाई. तिसऱ्या दिवशी न्हाई. मी खूश. मंगलला, म्हंजे आमच्या मालकिनीला म्हनलं, बघ, हातात गुन असतोय. ती म्हनली, "मग तो शेट असा का दिसायलाय, घरातलं कोन गेल्यासारखा?"

खरंच की. दुकानापुढनं गेलो तर हा गल्ल्यावर बसून फोनाकडं बघायलाय. गिऱ्हाईक म्हनतंय दोन मीटर फाडा, ह्यानं तीन फाडलं. विश्वेश्वरशेटनं कापड चुकीचं फाडलं, असं मोंढ्यात कोनाला सांगितलं तर कोनी खरं मानायचं न्हाई. पाच दिवस असं. आन् सहाव्या दिवशी सकाळी सातला गाडी दारात, काच खाली, "पंडित, मागच्या डाव्यातली सात पॉइंट सोड."

म्हनलं न्हाई. म्हनलं, हवा भरनं माझा धंदा हाय, सोडनं न्हाई. उद्या टायर फाटलं, तुमाला काय झालं तर वैनीला मी काय तोंड दाखवू? तर गाडीतनं उतरला आन् टायरांच्या ढिगावर बसला. म्हनला, "पंडित, दिवा लागला तरच मला फोन करता येतोय. बिनाकामाचा फोन करून मी काय बोलू? आन् खोटं सांगता येत न्हाई, ती फोटो मागती दिव्याचा. सकाळी चहा करतो, दोन कप होतो हातनं. दुसरा पिऊन टाकतो. घरात दिवसभर भांडं पडल्याचा सुद्दा आवाज न्हाई रं. ती होती तवा मी पेपर वाचायचो आन् ती बोलायची, मला वाटायचं हिच्या बोलन्यानं पेपर वाचता येत न्हाई. आता शांतता हाय तर मला एक बातमी कळत न्हाई." मी म्हनलं, शेट, मग एवढंच तिला सांगा की. तर माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला नाक्यावर उघडं नाचायला सांगितलं.

सोडली. काय करता? सुस्स करून सात पॉइंट सोडली. हातातनं पाप झाल्यासारखं वाटलं बघा. पर अट घातली, फोन झाला की जाग्यावरच परत भरायची, त्याबिगर गाडी हालवायची न्हाई. मग सुरू झालं. दर दोन-तीन दिवसाला माझ्या दारात गाडी उभी, मी हवा सोडनार, दिवा लागनार, हा फोटो काढनार, फोन लावनार, कोपऱ्यात जाऊन दहा मिन्टं बोलनार, "हो, मागचं डावंच... हो, स्वेटर हाय... भोपळ्याची केली होती भाजी, जमली न्हाई... हिंग? इसरलो." आन् मी पाइप घेऊन उभा. त्याचं हिंग-मोहरी होईस्तोवर. एका चाकात मी तीच हवा सात वेळा भरली आन् सात वेळा सोडली. घरी मंगल म्हनती, "चांगलं काम करायलात." कसलं चांगलं? हवा भरनं माझा धंदा हाय, सोडनं न्हाई. तर म्हनली, "तुमी कुठं गावाला गेलाव तर मला कधी फोन करता का?" घ्या, हे माझ्या घरात आलं.

मग आली भोगी. कारखाना जोरात, माझ्या दारात उसाच्या तीन ट्रॉल्या, एकीचं चाक बसलेलं, डायव्हर बोंबलायलेत, "चल बे पंडित, लवकर." त्यात हा आला. काच खाली. मी म्हनलं, न्हाई. आज टाइम बी न्हाई आन् आज मन बी न्हाई. उद्या संक्रांत, आन् तुमी एका शब्दासाठी टायरचा जीव घ्यायलात. सोडत न्हाई म्हंजे न्हाई. तो उतरला, हात मागं बांधून उभा राहिला. सव्वासात झाले. आन् फोन वाजला. त्याचा.

वैनीचा फोन. तिनं केलेला! जूनपासून पहिल्यांदा. ह्याला फोन कानाला लावता येत न्हाई, नेमी तो लाउडला टाकून तोंडापुढं धरतोय, तर सगळ्या नाक्यानं ऐकलं. "आज दिवा नाही लागला का?" शेट फोन धरून माझ्याकडं सरकला. "पंडितभाऊ आहेत का तिथं? भाऊ, किती आहे हवा?" शेटनं माझ्याकडं बघितलं. असं बघितलं... मी काय करू? हवेच्या बाबतीत मी आजवर खोटं बोललो न्हाई. काटा लावला. म्हनलं, बत्तीस, वैनी. चारी चाकात बत्तीस.

ट्रॉलीचं विंजन धडधडत होतं, मी डायव्हरला हातानं खुनावलं, बंद कर. केलं बंद. शेट म्हनला, "हवा बरोबर हाय." वैनी म्हनली, "कळलं." "थंडी बी तेवढी न्हाई." "हं." "भाजीत आता हिंग टाकतो." "बरं." "तरी..." आन् अडकला. वैनी म्हनली, "तरी काय?" तुमाला सांगतो, सात महिने अडकलेला शब्द होता तो, शेटच्या गळ्यात वर-खाली होताना मी बघितला. डोळे मिटले आन् म्हनला, "तरी ये."

मग वैनीचा आवाज आला, जरा वल्ला, "तिकीट पंधरा दिवसांपूर्वीच काढून ठेवलंय. उद्या सकाळी स्टेशनवर या. आणि येताना चाकाच्या घोंगड्या काढून या." ट्रॉलीवाले टाळ्या वाजवायलेत, आन् शेट त्या सगळ्यांना हात जोडायलाय, जसं लग्न त्याचंच लागलं.

हा अजूनबी रोज रात्री चाकं गुंडाळायचाच, तर सकाळी घोंगड्या काढल्या. तीन काढल्या. चौथी घाईत तशीच राहिली, मागच्या डाव्याचीच, तीच फरफटत स्टेशनपतूर गेली. वैनी रेल्वेतनं उतरली, बाहेर येऊन चाकाकडं बघितलं, घोंगडी सोडली, झटकली, घडी घातली, चावी मागून घेतली आन् चालवत सरळ माझ्या दारात. हा बाजूच्या सीटवर, मांडीवर तिची पिशवी. एवढा खूश मानूस मी वैजनाथाच्या रांगेत सुद्दा बघितला न्हाई. वैनीनं माझ्या हातावर तीळगूळ ठेवला आन् म्हनली, "पंडितभाऊ, परळीत एका रात्रीत सात पॉइंट जातील अशी थंडी कधीपासून पडते? आणि दर वेळी सातच?"

मी पायाकडं बघितलं. म्हनलं, वैनी, तुमाला ठाऊक होतं? "बँकेत आहे मी, भाऊ. आकडा कळतो." म्हनलं, मग बोलला कावून न्हाईत? तिनं गाडीकडं बघितलं, हा पिशवी सांभाळत बसलेला. म्हनली, "सात वाजल्यापासून मी पण फोन हातात घेऊनच बसायची. चहा गार व्हायचा. ज्या दिवशी दिवा लागायचा नाही, त्या दिवशी मला बँकेत जायची इच्छा व्हायची नाही."

म्हंजे बघा, हा हितं हवा सोडायलाय, ती तिकडं दिव्याची वाट बघायली, आन् मधी पाइप घेऊन उभा कोन, तर मी.

चार दिवस राहिली. गेली परत, नोकरी हाय. मी म्हनलं, चला, सुटलो, आता बोलायला लागलेत दोघं. थंडी बी सरली, मंगलनं गोधड्या वाळवून ठेवून दिल्या. तर काल सकाळी, सातला, गाडी दारात. काच खाली. म्हनलं, शेट, दिवा लागला का? "न्हाई." मग? इकडं-तिकडं बघितलं आन् म्हनला, "पंडित, उन्हाळ्यात हवेचं काय होतं?"

तवाच मी खोटं बोलायला पाहिजे होतं. कायबी होत न्हाई म्हनायला पाहिजे होतं. पर तोंडातनं खरं गेलं. म्हनलं, वाढती. तुमाला सांगतो, मानसाचा चेहरा असा उजळला! "वाढती? मग जास्त झाली तर तिला कळवावं लागंल की!" मी हात जोडले. म्हनलं, शेट, आता तर ये म्हनून झालंय, आता निस्ता फोन लावा, म्हना आठवन आली. तर लाजला. एक्कावन्न वर्षांचा मानूस, कानापतूर लाल. म्हनला, "असं कसं म्हनायचं रं... दुकानात गिऱ्हाईक असतंय."

तर तो तिकडं बोर्डवाला दिसायलाय ना, शिडीवर? "हवा भरून मिळेल" ह्याच्या खाली एक ओळ वाढवून घ्यायलोय, "सोडूनबी मिळेल." काय करता, त्या ओळीचं गिऱ्हाईक एकच हाय, पर आता रोज येनार.